प्रकल्प नोंदी: लाल डाग कशाचा?

८ जुलै २०२४, सोमवार

आजपासून नोंदी नीट ठेवायच्या. गेल्या तीन महिन्यांचं काम अर्धं व्हॉट्सअ‍ॅपवर आणि अर्धं माझ्या डोक्यात पडलं आहे, आणि दोन्हीकडे शोधायला गेलं की सापडत नाही.

सध्या काय हातात आहे: छातीच्या एक्स-रेवरून टीबीचा संशय सांगणारं मॉडेल, डेन्सनेट-१२१ (चित्रं ओळखायला शिकणारं एक तयार न्यूरल नेटवर्क), चित्रं २२४ बाय २२४ पिक्सेल. फिल्म्स एका ट्रस्टच्या रुग्णालयाच्या, नावं आणि नंबर पुसलेल्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांच्या फिल्म्स आम्ही आधीच वगळल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली संगणकी वाचनाला हिरवा कंदील दाखवला तोही पंधरा आणि त्यावरच्या वयापुरताच. ट्रेनिंगला न वापरता राखून ठेवलेल्या फिल्म्सवर एयूसी ०.९७ (आजारी-निरोगी वेगळे करण्याचा गुण: १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे छापा-काटा). ज्युनिअर पेढ्यांची गोष्ट करायला लागला. मला मात्र धाकधूक. टीबी ओळखणं इतकं सोपं असतं तर डॉक्टर मॅडम एकेका फिल्मपाशी मॉनिटरला नाक लावून का बसल्या असत्या?

मॅडमची मागणी एकच आहे: "आकडा राहू दे गं. कुठे बघून सांगितलंस ते दाखव."

म्हणून ग्रॅड-कॅम: मॉडेलने फिल्मवर कुठे बघितलं त्याचा रंगीत नकाशा. पद्धत २०१७ची, तयार कोड मिळतो, दुपारपर्यंत लागलंसुद्धा. फुफ्फुसाच्या वरच्या भागात लाल, भोवती पिवळं, बाकी निळं. टीबी वरच्या भागातच जास्त बसतो, त्यामुळे चित्र बघताक्षणी पटतं. ज्युनिअरने लगेच प्रेझेंटेशनमध्ये टाकलं.

९ जुलै, मंगळवार

मॅडमना ऑनलाइन दाखवलं. पहिल्या पाच फिल्म्सवर त्या खूश. सहावी फिल्म निरोगी माणसाची, मॉडेलचा स्कोअर ०.०४. तरीही उजव्या फुफ्फुसात मध्यभागी लालभडक डाग.

"नाही म्हणतोय ना? मग हे लाल कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी कोड उघडला तेव्हा कळलं. प्रत्येक नकाशा त्याच्या स्वतःच्या कमाल आकड्याने भागला जातो. म्हणजे स्कोअर ०.९६ असो की ०.०४, नकाशात कुठेतरी लाल येणारच. वर्गात सगळे नापास झाले तरी पहिला नंबर कोणाचा तरी येतोच, तसं. शिवाय उणे आकडे आधीच शून्य केलेले असतात, त्यामुळे "इथे बघून टीबी नाही असं वाटलं" ही बाजू नकाशात येतच नाही.

बदल: सगळ्या फिल्म्सना एकच मोजपट्टी, आणि लाल-पिवळा-निळा इंद्रधनुष्य बंद. त्या रंगांमुळे जिथे आकडा हळूहळू बदलतो तिथेही कडा असल्यासारखी दिसते. आता एकच नारिंगी, फिकट ते गडद. ज्युनिअर म्हणाला, "आता भारी दिसत नाही." हो, दिसत नाही.

११ जुलै, गुरुवार

हा नकाशा बनतो कसा हे मॅडमना फोनवर सांगताना मलाच जास्त कळलं, म्हणून इथे उतरवते. मॉडेलच्या शेवटच्या थरात ७ बाय ७ घरांच्या १०२४ जाळ्या असतात. एकेक जाळी थोडी वाढवली तर टीबीचा स्कोअर किती हलतो ते बघायचं, त्या प्रमाणात त्या जाळीला वजन द्यायचं, सगळ्या एकावर एक रचायच्या, उणे ते टाकायचं आणि उरलेलं ताणून फिल्मभर पसरायचं. ताणताना कडा गुळगुळीत होतात आणि वाटतं की मॉडेलने नेमक्या त्या सावलीवर बोट ठेवलं. प्रत्यक्षात घरं एकोणपन्नासच. फिल्म ३५ बाय ४३ सेंटिमीटरची, म्हणजे एक घर साधारण पाच बाय सहा सेंटिमीटरचं. आपल्या अख्ख्या तळव्यात अशी जेमतेम दोन-तीन घरं मावतील.

त्यावर मॅडमनी एक फिल्म पाठवली. मिलिअरी टीबी. एक ते तीन मिलिमीटरचे ठिपके दोन्ही फुफ्फुसांत वरपासून खालपर्यंत. त्या याला "बाजरी सांडलेली फिल्म" म्हणतात, आणि लॅटिन नावाचं मूळही धान्याच्या दाण्यातच आहे. मॉडेलने टीबी बरोबर ओळखला, नकाशाने मात्र डाव्या फुफ्फुसात मधोमध एक गोळा काढून दिला. उत्तर बरोबर आणि कारण निरर्थक. बाजरी सगळ्या ताटभर सांडली आहे, आणि हा एका चमच्याकडे बोट दाखवतोय.

१५ जुलै, सोमवार

आज जे सापडलं ते तीन महिन्यांपूर्वी सापडायला हवं होतं.

नकाशे एकेक करून बघण्याऐवजी टीबी म्हणून ओळखलेल्या सगळ्या फिल्म्सचे नकाशे बेरीज करून सरासरी काढली. वरची फुफ्फुसं गडद, ते अपेक्षित. पण वरच्या एका कोपऱ्यातही ठळक डाग. त्या कोपऱ्यात काय, तर बऱ्याच फिल्म्सवर डावी-उजवी बाजू सांगणारं शिशाचं अक्षर आणि शेजारी "एपी" अशी खूण.

सगळ्या फिल्म्सचे कोपरे काळे करून पुन्हा ट्रेनिंग लावलं. रात्री साडेनऊला नवी सरासरी आली. कोपरा थंड. आता डाग खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेवर. (फरा म्हणजे मॅडमचा स्कॅप्युला.) फऱ्यात टीबी कोण शोधतं?

१६ जुलै, मंगळवार

नकाशाशी वाद घालत बसण्यापेक्षा थेट परीक्षा घेतली. फुफ्फुसांचा भाग पूर्ण काळा केला. आता चित्रात खांदे, मान, पोटाचा वरचा भाग आणि कडा एवढंच. टीबी फुफ्फुसात असतो, तो भागच नाही, म्हणजे मॉडेलने हात टेकायला हवेत.

नाही टेकले. एयूसी ०.९१.

थोडा वेळ खुर्चीतच बसून राहिले. मग आठवलं की हे आम्ही पहिले नाही. २०२० साली दोन इटालियन संशोधकांनी कोविडच्या एक्स-रे संचांवर हेच केलं होतं: फुफ्फुसं काळी करूनही मॉडेल बरोबर सांगत होतं, कारण ते रोग नाही, फिल्म कुठल्या संचातली हे ओळखत होतं. त्याआधी २०१८चा न्यूमोनियाचा अभ्यास, अमेरिकेतली तीन ठिकाणं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाच्या फिल्म्समध्ये न्यूमोनियाचं प्रमाण ३४.२ टक्के, एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या संचात १.२. मॉडेलला रुग्णालय ओळखता आलं की अर्धं काम झालं. हे दोन्ही मी वाचलेलं होतं, दुसऱ्यांना समजावूनही सांगितलं होतं. स्वतःच्या ताटातलं दिसलं नाही.

१७ जुलै, बुधवार

आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी, सुट्टी. साबुदाण्याच्या खिचडीवर दुपार काढली. डोक्यात फरेच.

१९ जुलै, शुक्रवार

रुग्णालयात. सकाळी सहाची एसटी पकडून नऊला पोचले आणि मॅडमकडे न जाता थेट एक्स-रे रूममध्ये, टेक्निशियन काकांकडे. तीन महिन्यांत पहिल्यांदा. हीच खरी चूक.

काका एका मुलाची फिल्म काढत होते. कंपनीत लागायचंय, फिटनेस सर्टिफिकेट हवंय. "गळ्यातलं काढ. छाती स्टँडला टेकव. हनुवटी वर. हात कमरेवर, कोपरं पुढे... अजून पुढे. श्वास घे. धरून ठेव." खट्. कोपरं पुढे घेतली की फरे फुफ्फुसांवरून बाहेर सरकतात. त्यासाठीच ती कसरत.

मग काकांबरोबर टीबीच्या वॉर्डात. पोर्टेबल मशीन, चाकांवरचं. म्हातारबाबा उशीला टेकून कसेबसे बसलेले, कॅसेट (फिल्मची पाटी) पाठीमागे, एक्स-रेची नळी समोरून. कमरेवर हात वगैरे शक्यच नाही. फरे फुफ्फुसांवर पडलेले, श्वास अर्धवट, आणि हृदय कॅसेटपासून लांब असल्यामुळे फिल्मवर फुगलेलं. ही एपी. उभ्याची ती पीए.

"काका, वॉर्डातल्या सगळ्या अशाच?"

"मग काय नाचवू का त्यांना उभं करून?"

आमच्या टीबीच्या फिल्म्स बहुतेक वॉर्डातल्या. नॉर्मल बहुतेक फिटनेस सर्टिफिकेटवाल्या. मॉडेल शिकलं ते एवढंच की माणूस उभा आहे की बसलेला. आजारी माणूस बसलेला असतो. यात मॉडेलचा काय दोष?

काकांनी चहा पाजला. जाताना म्हणाले, "मला आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं ना ताई."

२४ जुलै, बुधवार

बाहेरच्या फिल्म्सवर तपासणी. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने खुले केलेले दोन जुने संच: मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीच्या १३८ फिल्म्स (८० नॉर्मल, ५८ टीबी) आणि चीनमधल्या शेन्झेनच्या ६६२ (३२६ नॉर्मल, ३३६ टीबी). संच लहान आहेत, पण प्रत्येकात दोन्ही प्रकारच्या फिल्म्स एकाच ठिकाणच्या. आपलं मॉडेल तिथे आपटलं. छापा-काटा करण्यापेक्षा थोडं बरं, इतकंच.

एक गंमत: या संचांत फाइलच्या नावाच्या शेवटी ० किंवा १ असतो, ० म्हणजे नॉर्मल. मॅडमना वाचायला देण्याआधी नावं बदलायला हवीत, नाहीतर उत्तरपत्रिका प्रश्नाखालीच छापलेली.

२५ जुलै, गुरुवार

खडकवासल्यातून पाणी सोडलंय, सिंहगड रस्त्यावर सोसायट्यांमध्ये पाणी शिरलंय. ज्युनिअर घरातलं सामान वरच्या मजल्यावर हलवतोय. काम बंद.

३० जुलै, मंगळवार

नवा संच बांधला. नियम साधा: टीबी आणि नॉर्मल दोन्हींत उभ्याच्या आणि बसलेल्यांच्या फिल्म्सचं प्रमाण सारखं. त्यासाठी वॉर्डातल्या पण टीबी नसलेल्या फिल्म्स काकांनी जुन्या नोंदींतून काढून दिल्या. टीबीच्या ओपीडीतल्या उभ्याच्या फिल्म्स मॅडमनी शोधल्या. एकूण संख्या निम्म्याहून कमी झाली.

फुटकळ पण वेळखाऊ: काही फिल्म्स उलट्या निघाल्या, हाडं काळी आणि हवा पांढरी. डायकॉम फाइलमध्ये (एक्स-रे साठवायचा ठरलेला प्रकार) "मोनोक्रोम१" लिहिलेलं असेल तर सगळ्यात लहान आकडा पांढरा धरायचा असतो. आमच्या कोडने ते वाचलंच नव्हतं. अर्थातच त्या सगळ्या फिल्म्स एकाच मशीनच्या. म्हणजे अजून एक पळवाट मॉडेलला आम्हीच करून दिली होती.

नव्या मॉडेलचा एयूसी ०.८६. फुफ्फुसं काळी केली की ०.५५. पेढ्यांचा विषय कोणी काढला नाही. मला मात्र हा आकडा पहिल्यापेक्षा आवडला.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आता नकाशाचीच परीक्षा. २०१८मधली एक साधी कल्पना: मॉडेलची वजनं (शिकताना आत ठरलेले आकडे) विस्कटून टाका, म्हणजे ते काहीच शिकलेलं नाही असं करा, आणि मग नकाशा काढा. नकाशा जर आधीसारखाच आला, तर तो मॉडेलबद्दल काही सांगतच नव्हता.

ग्रॅड-कॅम: विस्कटल्यावर नकाशा पूर्ण बदलला. पास. ज्युनिअरची आवडती दुसरी पद्धत, गाइडेड बॅकप्रॉप, जी फासळ्यांच्या कडा रेशमासारख्या काढून देते आणि म्हणून सगळ्यांना आवडते: विस्कटलेल्या मॉडेलवरही जवळपास तेच चित्र. फासळ्या तशाच, क्लॅव्हिकल (गळ्याजवळचं हाड) तसंच. ती पद्धत मुळात फिल्ममधल्या कडा गिरवते. मूळ अभ्यासातही ती अशीच नापास झाली होती. प्रकल्पातून काढली. ज्युनिअर दिवसभर गप्प होता, मग संध्याकाळी स्वतःच म्हणाला, "म्हणजे मी दोन महिने फासळ्या बघत होतो."

६ ऑगस्ट, मंगळवार

दुसरा मार्ग: फिल्मचा एकेक तुकडा झाकत जायचं आणि स्कोअर किती पडतो ते बघायचं. यात मॉडेलच्या आत डोकवावं लागत नाही, म्हणून मॅडमना समजावायला सोपं.

तुकडे राखाडी रंगाने झाकले. निकाल उलटाच: निरोगी फुफ्फुसावर ठिगळ लावलं की स्कोअर वाढायचा. तासभर कोडमध्ये चूक शोधली. चूक कोडमध्ये नव्हती. हवेने भरलेलं फुफ्फुस फिल्मवर काळं दिसतं, आणि काळ्यावर राखाडी ठिगळ म्हणजे मॉडेलच्या नजरेत सावली. मीच तिथे टीबी रंगवत होते! मग राखाडीऐवजी तो तुकडा धूसर करून पाहिला. आता बरं. टीबीने फुफ्फुसात पोकळी पडलेल्या फिल्म्समध्ये ती पोकळी धूसर केली की स्कोअर खाली येतो. बाजरीच्या फिल्ममध्ये कुठलाही एक तुकडा धूसर केला तरी स्कोअर ढिम्म हलत नाही, आणि ते योग्यच आहे.

१३ ऑगस्ट, मंगळवार

हा प्रयोग मॅडमना सांगूनच केला, फक्त तपशील लपवला. चाळीस फिल्म्स, प्रत्येकीवर नकाशा. काही नकाशे मी मुद्दाम दुसऱ्याच फिल्मचे डकवले होते. "काही चुकीचे आहेत, किती ते सांगणार नाही. नकाशा पटतो की नाही एवढंच सांगा."

चुकीचे चौदा होते. त्यातले सहा मॅडमना पटले.

एक तर मला लक्षात राहील असा. फिल्म अगदी स्वच्छ, नकाशा दुसऱ्याचा, डाग उजवीकडे सगळ्यात वर. मॅडमनी चित्र मोठं केलं, चष्मा वर केला, परत मोठं केलं. "हो, आहे इथे काहीतरी पुसट." मी उत्तर दाखवलं तेव्हा आधी हसल्या, मग हसू गेलं. पुन्हा ती फिल्म नकाशा काढून बघितली. "हे पहिल्या फासळीचं टोक आहे गं. शिकत असताना यालाच सावली समजून बोलणी खाल्ली होती मी."

मग बराच वेळ बोलल्या. वरच्या भागात फासळ्या, क्लॅव्हिकल, शिरा एकमेकांवर पडतात, तिथे शोधायलाच बसलं तर सावली मिळतेच. रोज त्या आधी पूर्ण फिल्म बघतात, दोन्ही बाजू ताडून. आज नकाशाने त्यांना आधीच एका जागी नेऊन बसवलं होतं. "तू बोट दाखवलंस, मी ढग बघायच्या ऐवजी ढगात हत्ती बघितला."

आम्ही नकाशा केला होता तो मॉडेलच्या चुका मॅडमना पकडता याव्यात म्हणून. इथे मॉडेलची चूक मॅडमच्या माथी गेली असती. पहिल्या दिवशी बघताक्षणी पटलं होतं ना, तेच पटणं. फुफ्फुसं छातीत सगळ्यांची साधारण त्याच जागी असतात, म्हणून कोणाचाही नकाशा कोणाच्याही फिल्मवर थोडाफार बसतोच.

२० ऑगस्ट, मंगळवार

बैठक. निधी देणाऱ्यांना पडद्यावर नकाशा हवाच आहे, "लोकांना विश्वास वाटतो" म्हणून. मी म्हटलं, म्हणूनच नको. थोडी वादावादी झाली. मी २०२२चा तुलनात्मक अभ्यास पुढे केला: छातीच्या एक्स-रेवर सात पद्धती तपासल्या, त्यातल्या त्यात ग्रॅड-कॅम बरी, पण रोगाची जागा दाखवण्यात सगळ्याच माणसाच्या मागे. मॅडमनी स्वतःचे चौदापैकी सहा सांगितले. मोठ्या मनाचं काम. त्यांचं ऐकल्यावर खोली शांत झाली.

ठरलं ते असं. डॉक्टरने आधी स्वतःचं मत नोंदवायचं, तोवर पडद्यावर ना स्कोअर ना नकाशा. मग स्कोअर. नकाशा बटण दाबल्यावरच, आणि तोही धूसर करून काढलेला, घरं जशीच्या तशी चौकोनी ठेवून, ताणून गुळगुळीत न करता. स्कोअर कमी असेल तर नकाशाच नाही. आणि आमच्यासाठी, पडद्यामागे, दर आठवड्याला दोन कामं: सगळ्या नकाशांची सरासरी, आणि फुफ्फुसं काळी करून परीक्षा. नकाशाचा खरा उपयोग मला तिथे दिसतो. एका पेशंटबद्दल तो फार काही सांगत नाही, पण पाचशे फिल्म्स एकत्र केल्या की आपला संच कुठे सडला आहे ते बरोबर दाखवतो. कोपरा त्यानेच दाखवला होता, फरेही त्यानेच.

४ सप्टेंबर, बुधवार

रुग्णालयाची गावोगाव फिरणारी एक्स-रे व्हॅन सुरू होऊन आठवडा झाला. तिच्या फिल्म्सची पहिली सरासरी आज काढली. फुफ्फुसं ठीक. फरे ठीक. डाव्या खांद्याच्या वर एक छोटा, गोल, गडद डाग. जवळजवळ प्रत्येक फिल्ममध्ये त्याच जागी.

मूळ फिल्म उघडली. पांढरी शुभ्र गोल चकती. गोळी? छर्रा? काकांना फोन लावला.

"ते होय ताई. व्हॅनमधलं डाव्या बाजूचं शिशाचं अक्षर पोळ्याच्या गर्दीत हरवलं. नवीन येईपर्यंत नाणं चिकटवतोय चिकटपट्टीनं. बाजू कळल्याशी मतलब."

"सगळ्यांना एकच नाणं लावता?"

"नाही. खोकला जास्त असेल त्याला दहाचं लावतो, बाकीच्यांना पाचचं. म्हणजे मॅडमना आधी कुठली बघायची ते कळतं."

व्हॅनच्या सगळ्या फिल्म्स वेगळ्या फोल्डरमध्ये काढल्या. फोल्डरचं नाव "नाणी". शिशाच्या अक्षरांचे दोन जोड उद्याच्या एसटीने पाठवतेय.